कम्युनिटी कॉलेजात नवा अभ्यासक्रम उभा राहतो तेव्हा

कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजात मी बरीच वर्षे संख्याशास्त्र शिकवतो आहे आणि गेली काही वर्षे तेथील करिक्युलम कमिटीवरही आहे. कॉलेजात कोणताही नवा कोर्स किंवा नवे प्रमाणपत्र सुरू व्हायचे असले, की त्याचा प्रस्ताव प्रथम या कमिटीसमोर येतो. पुण्या-मुंबईकडचे मित्र नेहमी विचारतात की हे कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचे आयटीआय, पॉलिटेक्निक, की मुक्त विद्यापीठ? या तिन्हींचा काही अंश त्यात आहे, पण ते यांपैकी कोणतेच नाही. येथे गुणांची कट-ऑफ नाही, प्रवेशपरीक्षा नाही आणि वयाची वरची मर्यादाही नाही. वेल्डिंग शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, दोन वर्षांनी बर्कलीला थेट तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळावा म्हणून कॅल्क्युलस करणारी मुलगी आणि पन्नाशीत नोकरी गेल्यावर हिशेबनिशीचे प्रमाणपत्र घ्यायला आलेले गृहस्थ एकाच इमारतीत, कधीकधी एकाच वर्गात बसलेले असतात. राज्यातील रहिवाशांना शुल्क युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्सचे वजन मोजण्याचे माप, आपल्याकडच्या क्रेडिटसारखे) ४६ डॉलर पडते, आणि २०१२ पासून ते याच आकड्यावर आहे. उत्पन्न कमी असलेल्या विद्यार्थ्यांना तेही माफ होते. अशी ११६ कॉलेजे राज्यात आहेत आणि त्यांत वर्षाला वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी शिकतात.

या कॉलेजांची 'वाढ' हा गेल्या दहा-बारा वर्षांत फार चर्चेचा विषय झाला आहे. बहुतेक वेळा ही वाढ माहितीपुस्तिकेतील अभ्यासक्रमांच्या यादीवरून मोजली जाते: किती नवी प्रमाणपत्रे सुरू झाली, किती पदव्या मंजूर झाल्या, किती विभाग उघडले. मला ही मोजणी अपुरी वाटते. कमिटीवर बसून एवढे प्रस्ताव वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की कम्युनिटी कॉलेजातला अभ्यासक्रम हा त्या गावाच्या गरजेतून आला आहे का आणि गाव सोडून जाऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्याला तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरा करता येतो का, या दोनच गोष्टींवरून त्याची किंमत ठरवावी.

यामागचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. १९०७ साली कॅलिफोर्नियाने हायस्कुलांना बारावीच्या पुढची दोन वर्षे शिकवण्याची मुभा देणारा कायदा केला आणि १९१० मध्ये फ्रेस्नो येथे असे पहिले वर्ग सुरू झाले. पुढे ही कॉलेजे वाढत गेली आणि १९६० च्या राज्यव्यापी 'मास्टर प्लॅन'ने उच्च शिक्षणाची तीन घरांत वाटणी केली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे संशोधन, डॉक्टरेट आणि वरच्या साडेबारा टक्क्यांतले विद्यार्थी. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीकडे बॅचलर, मास्टर आणि वरच्या एक-तृतीयांशातले विद्यार्थी. आणि उरलेल्या सर्वांसाठी दारे उघडी ठेवणारी दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे. ही वाटणी त्या काळी दूरदृष्टीची होती यात शंका नाही, कारण तिने राज्यातल्या प्रत्येक तरुणाला कोठेतरी जागा असेल अशी हमी दिली. मात्र तिच्यामुळे एक भिंतही उभी राहिली. कम्युनिटी कॉलेजने असोसिएट डिग्रीवर, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीवर, थांबायचे आणि चार वर्षांची बॅचलर हवी असेल तर विद्यार्थ्याने दुसरीकडे जायचे, असा नियम होऊन बसला.

ती भिंत पहिल्यांदा २०१४ मध्ये हलली. त्या वर्षी मंजूर झालेल्या कायद्याने पंधरा कॉलेजांना प्रत्येकी एक चार वर्षांची पदवी प्रयोग म्हणून सुरू करण्याची परवानगी दिली. फ्लोरिडाने हे पाऊल २००१ मध्येच, सेंट पीटर्सबर्गच्या ज्युनिअर कॉलेजपासून, उचलले होते. त्या मानाने कॅलिफोर्निया उशिरा जागा झाला. त्या पंधरा पदव्यांची यादी मी आजही नव्या सहकाऱ्यांना वाचून दाखवतो, कारण तिच्यात राज्याचा नकाशाच दिसतो. फूटहिल कॉलेजात दंत-स्वच्छता, स्कायलाइन आणि मॉडेस्टो येथे श्वसनोपचार, रिओ होंडोमध्ये मोटार तंत्रज्ञान, सायप्रसमध्ये अंत्यसंस्कारशास्त्र, सँटा मोनिकामध्ये इंटरॅक्शन डिझाइन. बेकर्सफील्ड हा तेलविहिरींचा आणि मोठमोठ्या शेतांचा मुलूख, म्हणून तेथे औद्योगिक स्वयंचलन. अँटिलोप व्हॅलीत विमानांचे कारखाने, म्हणून तेथे विमानाचा सांगाडा घडवण्याचे तंत्र. सोलानो कॉलेजाच्या शेजारी व्हॅकाव्हिल येथे औषधांसाठी जैविक द्रव्ये तयार करणारा प्रचंड कारखाना, म्हणून तेथे जैवनिर्मिती. यांतली एकही पदवी 'सगळीकडे चालते म्हणून आपणही काढू' अशा विचाराने निघालेली नव्हती, आणि कायद्यानेच तशी अट घातली होती: राज्यातील कोणत्याही सरकारी विद्यापीठात जी पदवी आधीच मिळते, ती येथे देता येणार नाही.

शुल्काचा हिशेब साधा आहे. पहिल्या दोन वर्षांच्या साठ युनिटांना ४६ डॉलरप्रमाणे आणि वरच्या दोन वर्षांच्या साठ युनिटांना ८४ डॉलर अधिक धरून, म्हणजे १३० प्रमाणे, सबंध पदवीचे शुल्क १०,५६० डॉलर होते. अमेरिकेत एवढ्या पैशांत बहुतेक ठिकाणी एक वर्षही पुरे होत नाही. विधिमंडळाच्या विश्लेषक कार्यालयाने २०२० मध्ये या प्रयोगाचे मूल्यमापन केले, तेव्हा पाहणीतल्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी सांगितले की ही पदवी येथे नसती तर आपण बहुधा बॅचलर केलीच नसती. त्याच अहवालाने एक शंकाही उपस्थित केली होती, आणि ती मला महत्त्वाची वाटते: यांतल्या काही व्यवसायांत परवान्यासाठी बॅचलर लागतच नाही, तर मग विद्यार्थ्याला आणखी दोन वर्षे कशासाठी बसवायचे? दंत-स्वच्छतेचा परवाना असोसिएट डिग्रीवर मिळतो. याचे उत्तर असे आहे की पर्यवेक्षक व्हायचे असेल, शिकवायचे असेल किंवा सार्वजनिक आरोग्याच्या कामात जायचे असेल, तर बॅचलरवाचून घोडे अडते. पण हे उत्तर प्रत्येक व्यवसायाला लागू पडत नाही, आणि म्हणून ही शंका प्रत्येक नव्या प्रस्तावाच्या वेळी पुन्हा विचारली गेली पाहिजे.

२०२१ च्या कायद्याने हा प्रयोग कायम केला आणि वर्षाला तीसपर्यंत नव्या पदव्या मंजूर करता येतील अशी तरतूद केली. अर्ज वर्षातून दोनदा, प्रत्येक फेरीत जास्तीत जास्त पंधरा. दोन्ही विद्यापीठांना प्रस्ताव तपासून आक्षेप घेण्यासाठी कामकाजाचे तीस दिवस मिळतात. आणि येथेच खरा वाद सुरू झाला.

फेदर रिव्हर कॉलेजचे प्रकरण मला नीट सांगावेसे वाटते. हे कॉलेज क्विन्सी या गावात, सिएरा नेवाडाच्या उत्तर टोकाकडील प्लुमस काउंटीत आहे. सबंध काउंटीची वस्ती जेमतेम वीस हजारांची, आणि सभोवती मैलोन्‌मैल पाइनचे जंगल. २०२१ च्या जुलैत लागलेल्या डिक्सी वणव्याने तिकडची साडेनऊ लाखांहून अधिक एकर जमीन जाळली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ग्रीनव्हिल हे त्याच काउंटीतले जुने गाव जवळजवळ संपूर्ण भस्मसात झाले. वणवा शेवटी आटोक्यात यायला ऑक्टोबर उजाडला. अशा ठिकाणच्या कॉलेजने जळालेल्या परिसंस्थेचे पुनरुज्जीवन आणि आगीचे व्यवस्थापन या विषयांत पदवी देण्याचा प्रस्ताव मांडला. जंगल विरळ कसे करावे, वारा आणि ओलावा पाहून नियंत्रित आग कधी लावावी, जळालेल्या उतारावरची माती पावसात वाहून जाऊ नये म्हणून काय करावे, हे शिकणाऱ्या मुलामुलींना प्रयोगशाळेसाठी दूर जावे लागणार नव्हते. ती कॉलेजच्या दारात होती. स्टेट युनिव्हर्सिटीने आक्षेप घेतला, कारण तिच्या हम्बोल्ट येथील विद्यापीठाचा आगीच्याच विषयातला पदवी अभ्यासक्रम येऊ घातला होता. नियमाचा हेतू पाहिला तर आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण हम्बोल्टचे विद्यापीठ समुद्रकाठी, आर्केटा येथे आहे, आणि क्विन्सीहून तेथे जायला डोंगरांतल्या वळणावळणाच्या रस्त्याने पाच तासांहून अधिक लागतात. ज्याचे घर जळाले आहे, ज्याचे आईवडील विम्याच्या कागदांत गुंतले आहेत, जो स्वतः उन्हाळ्यात अग्निशमन दलात हंगामी काम करतो, त्या मुलाला 'ही पदवी राज्यात इतरत्र मिळते' असे सांगण्यात काय अर्थ आहे? कम्युनिटी कॉलेजांच्या मंडळाने २०२३ मध्ये आक्षेप असूनही हा कार्यक्रम मंजूर केला, आणि त्यानंतर दोन्ही व्यवस्थांमधले संबंध बराच काळ ताणलेले राहिले.

माझे म्हणणे असे की पुनरावृत्तीची कसोटी सबंध राज्याचा नकाशा समोर ठेवून लावणे चूक आहे. कॅलिफोर्निया दक्षिणोत्तर महाराष्ट्रापेक्षा मोठा आहे. गडचिरोलीच्या मुलीला 'हा अभ्यासक्रम सावंतवाडीत आहे' असे सांगितले तर तिने काय समजावे? विद्यार्थी किती अंतरावर राहतो, त्याच्या अंगावर कोणाची जबाबदारी आहे आणि त्याची नोकरी कोणत्या पाळीत असते, हे प्रश्न कायद्यात कोठेतरी यायला हवेत. विद्यापीठांची बाजूही मी समजू शकतो. त्यांच्या काही शाखांत विद्यार्थिसंख्या घसरते आहे, आणि शेजारच्या कॉलेजने कमी शुल्कात तीच पदवी दिली तर त्यांचे वर्ग ओस पडतील ही भीती खरी आहे. शहरांत, जेथे कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यात बसचे चार थांबे असतात, तेथे हा आक्षेप मला मान्यच आहे. क्विन्सीत नाही.

नर्सिंगच्या बाबतीत याच वादाने अधिक गंभीर वळण घेतले. येथील कम्युनिटी कॉलेजांतून असोसिएट डिग्री घेतलेल्या परिचारिका बॅचलर झालेल्यांच्याच परवाना-परीक्षेला बसतात आणि तोच परवाना मिळवतात. पण अनेक मोठी रुग्णालये आता नोकरी देताना बॅचलर झालेल्यांना पसंती देतात. म्हणून काही मोजक्या कॉलेजांना नर्सिंगची बॅचलर देऊ द्यावी असे विधेयक विधिमंडळात मंजूर झाले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये राज्यपाल न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. तिन्ही व्यवस्थांनी एकत्र येऊन चालवलेल्या कार्यक्रमांना त्यामुळे धक्का बसेल, अशी चिंता त्यांनी व्यक्त केली. कॉलेजात शिकता शिकताच विद्यापीठाचे कोर्स करण्याची सोय काही ठिकाणी आहे आणि ती चांगली आहे, हे मला मान्य आहे. परंतु ती विद्यापीठातल्या जागांच्या संख्येशी बांधलेली आहे, आणि जागा पुरत नाहीत हेच तर मूळ दुखणे होते. मला त्या निर्णयाचे वाईट वाटले आणि आजही वाटते. त्याच वेळी हेही नमूद केले पाहिजे की विधेयक संमत झाले असते तरी सगळे सुटले नसते. परिचारिकेला रुग्णालयात प्रत्यक्ष सरावाच्या पाळ्या मिळाव्या लागतात, आणि त्या पाळ्यांसाठी सरकारी कॉलेजे, विद्यापीठे आणि भरमसाट शुल्क घेणाऱ्या खासगी संस्था यांची एकाच वॉर्डासाठी ओढाताण चालते. पदवीचे नाव बदलल्याने वॉर्डातल्या खाटा वाढत नाहीत.

येथून मी कॉलेजच्या आत येतो, कारण वाढ अडते ती बहुतेक वेळा तेथेच. नव्या अभ्यासक्रमाचा प्रस्ताव विभागाकडून निघतो, डीनकडे जातो, आमच्या कमिटीत ओळीओळीने वाचला जातो, मग ट्रस्टी बोर्ड, प्रादेशिक समूह, सॅक्रॅमेंटो येथील कुलपतींचे कार्यालय, आणि पदवीचा प्रश्न असेल तर मानांकन संस्था, असा त्याचा प्रवास होतो. प्रत्येक ठिकाणी थोड्याफार फरकाने तेच विचारले जाते: हे कॉलेजच्या उद्दिष्टात बसते का, गरज आहे का, दर्जा आहे का, चालवणे शक्य आहे का, नियमांना धरून आहे का. या दिरंगाईला कंटाळलेले सहकारी मी पाहिले आहेत आणि त्यांचा त्रागा अकारण नसतो. तरीही मी या प्रक्रियेच्या बाजूचा आहे, कारण घाईने काढलेल्या आणि तीन वर्षांत बंद पडलेल्या प्रमाणपत्राची किंमत कॉलेज भरत नाही; ज्याने संध्याकाळच्या पाळ्या सोडून अर्धे कोर्स केले, तो विद्यार्थी भरतो.

कमिटीत मी सर्वांत बारकाईने वाचतो ते कोर्स आऊटलाइनचे पान नाही. मी पाहतो ते सल्लागार समितीच्या बैठकीचे इतिवृत्त. व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमाला स्थानिक मालकांची अशी समिती असावी लागते. काही इतिवृत्तांत 'सर्वांनी पाठिंबा दर्शवला' एवढे एकच वाक्य असते, आणि ते वाचून मला काहीच कळत नाही. एकदा मात्र पाणीशुद्धीकरणाच्या प्रमाणपत्रासोबत आलेल्या इतिवृत्तात एका पर्यवेक्षकाने सांगितलेले तपशीलवार लिहिलेले होते: आमच्याकडचे अमुक इतके कर्मचारी पाच वर्षांत निवृत्त होणार आहेत, नव्या मुलांना पंप उघडून जोडता येतो पण क्लोरीनच्या मात्रेचे गणित चुकते, आणि रात्रपाळीत विचारायला कोणी नसते. त्या तीन वाक्यांवरून कोर्सचा क्रम बदलला. गणिताचा कोर्स शेवटून उचलून पहिल्या सेमिस्टरला आणला गेला. तो आकडेमोडीचा भाग क्लोरीन आणि पाण्याचा प्रवाह घेऊनच कसा शिकवावा, यावर आम्ही दोन विभागांनी मिळून बराच काळ काम केले, आणि माझ्या येथील नोकरीतले ते सर्वांत समाधानाचे काम ठरले.

दुसरी अडचण माणसांची आहे. या कॉलेजांतले फार मोठे अध्यापन अर्धवेळ शिक्षकांवर चालते. एका कॉलेज-जिल्ह्यात (एक किंवा अधिक कॉलेजे चालवणाऱ्या प्रशासकीय विभागात) पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांहून अधिक काम अर्धवेळ शिक्षकाला देता येत नाही, म्हणून ही मंडळी सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी आणि संध्याकाळी तिसऱ्या गावी शिकवतात. १९८८ च्या कायद्याने ७५ टक्के अध्यापन पूर्णवेळ शिक्षकांकडे असावे असे उद्दिष्ट ठेवले होते. राज्य म्हणून ते आजही गाठलेले नाही. अर्धवेळ शिक्षक वाईट शिकवतात असे मी कधीही म्हणणार नाही, कारण मी स्वतः बराच काळ तेच केले आहे. पण दर दोन वर्षांनी व्यवसायशिक्षणाच्या कार्यक्रमाचा आढावा लिहायचा, मालकांना फोन करायचे, उपकरणांसाठी अनुदानाचा अर्ज भरायचा, दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या विद्यार्थ्याचे कोर्स जुळवून द्यायचे, हे काम ज्याला त्याचा पगार मिळत नाही त्याने कधी करायचे? नव्या प्रस्तावात एकही पूर्णवेळ पद धरलेले नसेल, तर मी आता स्पष्ट विरोधात मत देतो.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त छळते, आणि बाहेर तिच्याविषयी कोणी बोलत नाही. वर्गात ठराविक संख्या भरली नाही, तर सेमिस्टर सुरू होण्याच्या तोंडावर तो वर्ग रद्द होतो. पहिल्या पायरीचे कोर्स भरतात. गळती होत होत शेवटच्या पायरीला दहा-बारा जण उरतात आणि नेमका तोच कोर्स रद्द होतो. या भागात अवलंबित व्हिसावर आलेल्या कितीतरी मराठी मुली हिशेबशास्त्राचे कोर्स करायला येतात. कोल्हापूरची किंवा नाशिकची बी.कॉम., एम.कॉम. पदरी असते, पण सीपीएच्या, म्हणजे येथील सनदी लेखापालाच्या, परवान्यासाठी काही ठराविक युनिटे येथे भरून काढावी लागतात, आणि त्यासाठी कम्युनिटी कॉलेज हा सर्वांत स्वस्त आणि घराजवळचा मार्ग. त्यांतल्या एकीचा ऑडिटिंगचा वर्ग ऐन वेळी रद्द झाला. पुढचा वर्ग वर्षभराने होता, आणि तोवर तिच्या यजमानांची बदली टेक्सासला झाली. 'सर, एकच कोर्स राहिला हो,' एवढेच ती म्हणाली. कागदोपत्री आमचा तो कार्यक्रम त्या वर्षी 'वाढलेला' होता, कारण पहिल्या पायरीची विद्यार्थिसंख्या वाढली होती.

भारतातही २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बी.व्होक. पदवीची योजना आणली: एका वर्षाने बाहेर पडलात तर पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, तीन वर्षांनी पदवी. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांनी ती स्वीकारली. मधल्या टप्प्यावर काहीतरी हातात पडते, ही तिची रचना मला फार आवडते आणि येथील प्रमाणपत्रांची उतरंडही त्याच विचाराची आहे. तिकडच्या प्राध्यापक मित्रांशी बोलताना मात्र तेच प्रश्न निघतात: कायम नेमणूक किती जणांची, कार्यशाळा कोणाची, आणि तिसऱ्या वर्षाला वर्ग चालवण्याइतके विद्यार्थी टिकतात का.

आमच्या कमिटीने आता एक सुधारणा मांडली आहे. नवा अभ्यासक्रम मंजूर करताना विभागाने पुढच्या दोन वर्षांचे वेळापत्रक जोडावे, कोणता कोर्स कोणत्या सेमिस्टरला, सकाळी की संध्याकाळी, हे त्यात लिहावे, आणि शेवटच्या पायरीचे कोर्स विद्यार्थिसंख्या कमी असली तरी पहिल्या दोन तुकड्यांसाठी रद्द करू नयेत. प्रशासनाची हरकत पैशांची आहे, आणि ती खोटी नाही. दहा जणांच्या वर्गावरचा खर्च पस्तीस जणांच्या वर्गाने भरून काढावा लागतो. आम्ही त्यांना आकडे मांडून दाखवले आहेत की शेवटचा वर्ग चालवल्याने किती जण प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतील, आणि २०१८ पासून राज्याच्या अनुदानाचा एक भाग अशा पूर्ण झालेल्या प्रमाणपत्रांवरही ठरतो, त्यामुळे तोटा वाटतो तेवढा नाही. सुधारणेवरचे मतदान वसंत सेमिस्टरच्या पहिल्या बैठकीत व्हायचे आहे, आणि दंत-साहाय्यकाच्या नव्या प्रमाणपत्राचा प्रस्तावही त्याच बैठकीत येणार आहे.